शेंडी कंच्या बाजूला हाय?

सर्जा,

परवा तुझ्या गावात देवळापुढच्या पटांगणात तुझी शोकसभा झाली. तू असतास तर दहा मिनिटांत उठून मळ्यात निघून गेला असतास. सात जण बोलले आणि सातही जणांनी तुला निधड्या छातीचा करून टाकलं. एकानं तुला गरुड केलं, दुसऱ्यानं वाघ केलं. तिसऱ्याला प्राणी सापडेना, म्हणून तो नुसताच 'शूर, शूर' म्हणाला आणि डोळे पुसत खाली बसला. लढाईतून धडधाकट परत आलेला विमानवाला घरच्या बाजेवर विषमज्वरानं तीन आठवड्यांत जातो, हे कुणाच्याच गळी उतरत नव्हतं. माझ्याही उतरत नाही. म्हणून जो उठेल तो तुला पुन्हा आभाळात नेऊन ठेवत होता. म्हसवडच्या जत्रेतली विमानाची ती बुडी तर तिघांनी सांगितली आणि तिघांनी तीन तऱ्हांनी सांगितली. एकाच्या सांगण्यात तर विमानानं नदीच्या वाळूला चाकं टेकवून पुन्हा उड्डाण केलं होतं.

मग माझं नाव पुकारलं. "त्यांच्या विमानाचे मिस्त्री, सांगलीचे गणपतराव." मी उठलो, हात जोडले आणि तसाच बसलो. लोकांना वाटलं, कंठ दाटला. पण तोंड उघडलं असतं तर खरं बोलून बसलो असतो, आणि ते न बोलण्याचा शब्द तू माझ्याकडून घेतला होतास.

तुझीच गोष्ट तुला सांगायला बसलोय, हे तसं वेड्यासारखंच आहे. पण त्या विमानात मी पुढच्या खुर्चीत होतो आणि तू मागच्या. उतारू पुढं आणि चालवणारा मागं, अशी त्या यंत्राची उलटीच तऱ्हा. तुला सगळा वेळ माझं टाळकं दिसत होतं आणि मला तू दिसतच नव्हतास. माझ्या खुर्चीवरून ते सगळं कसं होतं, हे मी तुला तीन वर्षांत कधी सांगितलं नाही. तूही कधी विचारलं नाहीस. आपण त्यावर भांडलो मात्र भरपूर.

आपली ओळख आठवते? आसामातल्या तळावर मी इंजिनाखाली उताणा पडलो होतो. पाना निसटला, बोटाची साल निघाली आणि मी त्या पान्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तेवढ्यात शेजारी दोन चकचकीत बूट येऊन थांबले. मला वाटलं, आता साहेब खरडपट्टी काढणार. तर वरून आवाज आला, "सांगलीत कुठं, रं?" मी रांगत बाहेर आलो. समोर अधिकाऱ्याच्या गणवेशातला एक काळासावळा मराठी गडी, मिशीतल्या मिशीत हसत उभा. त्या पावसाळी, जळवांनी भरलेल्या मुलखात चार महिन्यांनी मला कुणी तरी 'रं' म्हटलं होतं. त्या दिवसापासून मी तुझा झालो, हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू वर्षभर माझी टर उडवली असतीस.

तुझी एक खोड साऱ्या तळाला ठाऊक होती. विमानात पाय ठेवणाऱ्याला तू आधी खिसे उलटे करायला लावायचास. पेन्सिल, तंबाखूची चंची, किल्ल्या, सुटी नाणी, काही म्हणजे काही चालायचं नाही. "वर गेल्यावर सुट्टी वस्तू जाग्यावर ऱ्हात न्हाई," म्हणायचास. मग वाकून दोन्ही खुर्च्यांखाली कोपरापर्यंत हात घालून चाचपायचास. बाकीचे वैमानिक तुला त्यावरून 'झडतीवाला' म्हणायचे. तू मनाला लावून घ्यायचा नाहीस आणि झडतीही सोडायचा नाहीस.

लढाई संपली आणि आपण दोघे गावाकडं आलो. सैन्यानं मोडीत काढलेलं एक शिकाऊ विमान घेऊन जत्रांतल्या लोकांना आभाळात फिरवून आणायचं खूळ एका हौशी गृहस्थाच्या डोक्यात शिरलं. तू वैमानिक आणि मी मिस्त्री. सांगलीबाहेरच्या माळावर आपला तळ. उघडं, दोन खुर्च्यांचं, कापड ताणून बसवलेलं ते यंत्र. दोघांना बोलायला मधून एक रबरी नळी. एक चालवायचा दांडा तुझ्या गुडघ्यांत आणि त्याचाच जुळा भाऊ माझ्या गुडघ्यांत, खाली एकाच लोखंडी नळीला जोडलेले. तू तुझा हलवलास की माझाही हलायचा.

म्हसवडच्या सिद्धनाथाच्या जत्रेला जायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी तुझ्या घरी जेवायला होतो. तू उसाला पाणी द्यायला मळ्यात गेला होतास. तुझ्या आईनं मला स्वैपाकघरात बोलावलं. हिरव्या खणात गुंडाळलेला नारळ तिच्या ओंजळीत होता.

"गणू, ह्यो नाथबाबाचा नारळ. पोरगं लढाईतनं जित्तं आलं तर त्याच्याच हातानं वाहीन म्हणले हुते. वरीस झालं, ह्यो गडी हालत न्हाई."

"मग त्यालाच द्या की, मावशी. उद्या तिथंच निघालोय."

"त्यो घ्यायचा न्हाई. इमानात काय न्यायचं न्हाई म्हंतोय. तू ने आन् देवळाच्या पायरीवर त्याच्या हातात ठेव. पर मधी कुठं भुईला टेकवू नगंस. आन् चामड्याजवळ ठेवू नगंस."

मी हो म्हणालो. तुझ्या आईला नाही म्हणणारा अजून जन्माला यायचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी खरी पंचाईत झाली. मागं सामानाचा छोटा कप्पा होता, पण त्यात तुझे जाडे बूट आणि माझी हत्यारांची चामडी पिशवी. तिथं नारळ ठेवता येईना. मांडीवर घेतला तर तुला दिसणार. शेवटी मी माझं उपरणं काढलं, घागरीखाली बायका ठेवतात तशी त्याची चुंबळ केली, ती माझ्या खुर्चीखाली ठेवली आणि तिच्यावर नारळ. भुईला टेकला नाही आणि चामड्यालाही लागला नाही. सर्जा, मी आयुष्यभर यंत्रांत काम केलेला माणूस. साधा पाना असता तरी मी तो तारेनं बांधून ठेवला असता. पण देवाच्या नारळाला दोरी लावायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तू नेहमीप्रमाणे माझे खिसे बघितलेस. मग खुर्चीखाली वाकणार, तोच मी म्हणालो, "बघितलंय मी."

तू माझ्याकडं बघितलंस आणि सरळ झालास. तुझ्या झडतीच्या साऱ्या काळात तू माझ्या शब्दावर सोडून दिलंस ते तेवढं एकदाच.

तासगाव मागं पडलं, विटा मागं पडलं. खाली हिरवा रंग पातळ होत गेला आणि माणदेशाचा उघडा माळ सुरू झाला. तू नळीतून कुठलंसं लावणीचं ठेक्याचं गुणगुणत होतास. मी थंडीनं गारठलो होतो आणि मनातून खूष होतो. नारळ पायाखाली सुखरूप होता. वाटलं, मावशीचं काम झालं.

म्हसवडच्या बाहेर आपल्या माणसांनी माळ साफ करून ठेवला होता. वारा कळावा म्हणून उंच बांबूला एक पांढरं धोतर बांधलं होतं आणि ते छान फडफडत होतं. माळाच्या दोन्ही अंगांना जत्रेतली माणसं दाटीवाटीनं उभी. तू एक फेरी मारलीस, इंजिन कमी केलंस आणि उतरायला नाक खाली घातलंस. इंजिन मंद झालं की पंखांच्या तारांतून वाऱ्याची शीळ ऐकू येते. ती सुरू झाली आणि माझ्या टाचेला काही तरी लागलं.

मी खाली बघितलं. चुंबळ मागं राहिली होती. नारळ घरंगळत पुढं आला होता आणि खुर्चीची कड आणि दांडा यांच्या मधल्या फटीत जाऊन बसला होता. त्याच क्षणी तू दांडा मागं ओढलास. नारळ कर्रकन दाबला गेला. दांडा तिथंच थांबला.

तुला सांगायची गरज नाही, तरी लिहितो: दांडा मागं घेतला तर नाक वर येतं. तो मागं येत नसेल तर विमान नाक खाली घालून जमिनीकडं जात राहतं. आपण दोनशे फुटांवर होतो.

"गणू, दांडा मागं येईना. तुजा पाय हाय का मधी?"

"न्हाई."

मी एवढंच बोललो. तुझा पुढचा प्रश्न आलाच नाही, त्याऐवजी इंजिन गर्जायला लागलं. तू सगळा जोर दिलास. त्या जोरानं नाक हळूहळू, नाखुशीनं वर आलं आणि आपण त्या धोतराच्या डोक्यावरून गेलो. खाली हजार-पाचशे माणसांची तोंडं उघडी पडलेली मी स्वच्छ बघितली. त्यांतल्या एका बाईनं पदर तोंडाला लावला होता.

"आता सांग. काय अडकलंय?"

सांगायला एक श्वास लागला असता. मी तीन घेतले. मग म्हणालो, "नारळ हाय, सर्जा. आईनं दिलेला. नाथबाबाचा."

मी शिवी यायची वाट बघत होतो. आली असती तर मला बरं वाटलं असतं. तुझा आवाज आला तो खताच्या गाडीबद्दल बोलावं इतका साधा.

"शेंडी हाय का?"

"आं?"

"नारळाला शेंडी ठिवलीय का सोलून काढलीय?"

"हाय. हाय की."

"कंच्या बाजूला हाय?"

मी वाकून बघितलं. "उजव्या."

"झ्याक. मग पट्टा सोड, वाक आन् शेंडी मुठीत धर. अजून वढू नगंस."

सर्जा, शोकसभेत मला हे सांगायचं होतं. माणसं वाघ आणि गरुड म्हणत होती. मला म्हणायचं होतं, अहो, विमान पडत असताना ज्याला नारळाची शेंडी आठवते त्याला काय म्हणाल ते सांगा. मी मिस्त्री. फटीत अडकलेल्या गोल, गुळगुळीत वस्तूला पकड कुठं मिळेल, हे मला सुचायला हवं होतं. मला फक्त माझी बायको आणि माझी चूक आठवत होती.

मग तू सगळं समजावून सांगितलंस, एकेक वाक्य सुटं करून. दांडा मागं ओढला की नारळ आणखी घट्ट बसतो. तो सैल व्हायचा तर दांडा पुढं ढकलायला हवा. पुढं ढकलला की विमान जमिनीकडं बुडी मारणार. "तू खुर्चीतनं वर उचलला जाशील. डाव्या हातानं खुर्चीच्या बाजूची सळई धर. इंजिन खोकंल, बंद पडल्यागत वाटंल. पडायचं न्हाई. मला ठावं हाय."

तू विमान अलगद वळवायला लागलास. मी विचारलं, "कुठं?"

"नदीवर. तितं खाली माणसं न्हाईत."

तेव्हा मला कळलं, की आपण पडू, हाही हिशेब तू मनात करून ठेवला आहेस. माणगंगेचं पात्र कोरडं, नुसती पांढरी वाळू पसरलेली. चारशे फुटांपर्यंत ते यंत्र कसंबसं चढलं. पुढं कुठवर जाता येईल ते तू आधीच बघून ठेवलं होतंस. नदी पुढं वळत होती आणि वळणापलीकडं जत्रेकऱ्यांनी गाड्या सोडल्या होत्या. बैल, बायका, चुली, सगळं तिथं होतं.

"आता," तू म्हणालास.

तू दांडा पुढं ढकललास. मी खुर्ची सोडून वर गेलो, फक्त एका हाताच्या पकडीवर राहिलो. इंजिन खोकलं आणि गप्प झालं. तेवढ्या शांततेत मी शेंडी जोरात वर ओढली. हातात काथ्याचा झुपका आला. नारळ जागचा हलला नव्हता. वाळू मोठी होत होती. तू दांडा परत घेतलास, इंजिन पुन्हा पेटलं, नारळ पुन्हा दाबून बसला.

"सुटला?"

"न्हाई. शेंडी निम्मी हातात आली."

"निम्मी ऱ्हायली न्हवं? मग निम्मी पुरं."

मी रडायच्या बेतात होतो आणि मला हसू आलं. खरंच आलं. तेवढ्यात तुझा आवाज आला, "वर वढू नगंस. वर वाट न्हाई त्याला. गंजलेला इस्क्रू फिरवतोस न्हवं? तसा उजव्या अंगाला फिरीव आन् मग काढ. मिस्त्री हायस तू, गड्या."

"किती उंची ऱ्हायली?"

"तू नारळाकडं बघ. उंचीकडं मी बघतो."

ते वळण समोर आलं होतं. पुन्हा वर चढायला जागा नव्हती. तू म्हणालास, "आता," आणि ह्या वेळेला मी वाळूकडं बघितलंच नाही. पुन्हा वर उचलला गेलो, पुन्हा इंजिन गप्प झालं. उरलेली शेंडी मुठीत धरून मी नारळ फिरवला. तो चिकटला, मग थोडा सरकला, मग अचानक सगळाच माझ्या हातात आला. मी ओरडलो, "सुटला!" मला वाटतं, तुला ते नळीवाचूनही ऐकू गेलं असेल. दांडा सपकन मागं आला आणि माझ्या पोटात बसला. मी खुर्चीत दगडासारखा दाबला गेलो. वाळूवर आपली सावली एवढी जवळ होती की पंखाच्या तारासुद्धा त्यात दिसत होत्या. मग सावली लहान होत गेली.

"पट्टा बांध," तू म्हणालास. आणि जरा वेळानं, "टाक त्यो भाईर."

मी नाही टाकला. दोन्ही हातांनी छातीशी धरून बसलो. त्यावरून आपलं जे भांडण सुरू झालं ते तू आजारी पडेपर्यंत मिटलं नाही. खाली माणसं होती, असं मी म्हणायचो. "खाली वाळू हुती, म्हणूनच तितं नेलं हुतं इमान," असं तू म्हणायचास. तुझंच बरोबर होतं. माणसांचा मी विचारच केला नव्हता. मावशीनं ओंजळीत दिलेला नारळ फेकायला माझे हात तयार झाले नाहीत, एवढंच. हे कबूल करायला मला तीन वर्षं लागली आणि ऐकायला तू नाहीस.

मग तू उतरलास. त्या उतरण्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही, इतकं ते साधं होतं. चाकं कधी टेकली ते मला धुळीवरून कळलं. तू विमान गर्दीपासून लांब, माळाच्या पार टोकाला नेलंस, जिथं एका धनगराची मेंढरं बसली होती, आणि इंजिन बंद केलंस. मी नारळ घेऊन खाली उडी मारली आणि पहिल्यांदा मागं वळून तुला बघितलं.

तू पट्ट्याची कडी सोडवत होतास. बोटं कडीवर जात होती आणि घसरत होती. पुन्हा जात होती, पुन्हा घसरत होती. दोन्ही हातांना असं कापरं भरलं होतं, की तू ते मांडीत दाबून धरलेस तरी थांबेनात. तू माझ्याकडं बघून म्हणालास, "सोड रं जरा." मी नारळ एका हातात ठेवून दुसऱ्या हातानं कडी सोडली. तू कपाळ समोरच्या कडेला टेकलंस.

"लय भ्यालो, गड्या," तू म्हणालास. "पैल्यापास्नं भ्यालो हुतो."

तुझ्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. माझा एक हात नारळात गुंतलेला आणि दुसरा वंगणानं काळाकुट्ट. मी नुसता उभा राहिलो.

लोक धावत यायला लागले तसा तू सरळ झालास. "दोन गोष्टी," म्हणालास. "नारळानं काय केलं ते आईला सांगायचं न्हाई. तिचा नारळ पोचला, एवढंच तिला ठावं असू दे. आन् ह्ये हात बघितलंस त्ये कुणालाच सांगायचं न्हाई. आईला तर न्हाईच न्हाई." मी दोन्हींचा शब्द दिला.

पुढं सगळी गंमतच झाली. लोकांना वाटलं, विमानवाल्यानं मुद्दाम कसरत करून दाखवली. ज्याला त्याला तशीच बुडी हवी होती. तो म्हातारा धनगर काठी आपटत आला आणि तुला म्हणाला, "पोरा, माझी मेंढरं बुजवलीस तू. पर लय झ्याक दिसलं." तू हात जोडलेस. "आवं तात्या, परत न्हाई बुजवायचो. शपथ हाय."

त्याच पावली तू अनवाणी देवळात गेलास. गुरवानं नारळ हातात घेऊन फिरवून बघितला आणि विचारलं, "शेंडी कुणी उपाटली?" तू म्हणालास, "आमच्या मिस्त्र्यानं." वर्षभर न हाललेला गडी त्या दिवशी गाभाऱ्यासमोर बराच वेळ उभा होता. बाहेर आल्यावर मी म्हणालो, नाथबाबानंच वाचवलं. तू म्हणालास, शेंडीनं वाचवलं, आणि शेंडी आईनं ठेवली होती. हे दुसरं भांडण. तेही तसंच राहिलं.

सांगलीला परतल्यावर विमानाचे मालक म्हणाले, "झालं गेलं. कशाला लिहिता? नारळ फुटला, विषय संपला." तू विमानाची वही उघडून माझ्यापुढं सरकवलीस. म्हणालास, "तुजं तू लिव्ह. माझं मी लिव्हतो." मी लिहिलं: नारळ मी ठेवला, आणि 'बघितलंय' म्हणून झडती अडवली. माझं अक्षर एवढं वाईट कधी आलं नव्हतं. त्याखाली तू लिहिलंस: खुर्चीखाली हात घालून बघणं माझं काम होतं, मी बघितलं नाही. माझी चूक तू अंगावर घेतली नाहीस. माझ्या चुकीसह मला तुझ्या शेजारी उभं केलंस. मालकांनी दोघांनाही महिनाभर घरी बसवलं. त्या महिन्यात मी तुझ्या मळ्यावरचं पाण्याचं इंजिन दुरुस्त केलं आणि तुझ्या आईच्या हातचं खाऊन जाड झालो.

आणि ती पेटी! दुसरा कुणी असता तर विमानात नारळ आणायला कायमची बंदी घातली असती. तू म्हणालास, "लोक देवाच्या जत्रेला येणार आन् हातात नारळ नसणार व्हय?" मला सागवानी पेटी करायला लावलीस. आत मऊ कापड, वर घट्ट बसणारं झाकण, बांधायला सुती पट्टे, चामड्याचा तुकडासुद्धा नाही. पुढच्या जत्रांत माणसं बसायला आली, की तू अदबीनं म्हणायचास, "द्येवाचं काय असंल तर हितं द्या, सोवळ्यात ऱ्हाईल." लोक खुशीनं द्यायचे. शिराळ्याला एका आजीनं लाह्यांचं गाठोडं दिलं होतं, तेही तू तसंच मानानं ठेवलं होतंस. खिसे मात्र उलटे करायला लावायचासच. खुर्चीखाली हातही घालायचास. मी 'बघितलंय' म्हणायचं सोडून दिलं होतं.

तेराव्यानंतर काल मी तुझ्या घरी गेलो. मावशी ओसरीवर एकटीच बसली होती. शोकसभेतलं सगळं कुणी तरी तिला येऊन सांगितलं होतं. तिनं मला बसायला सांगितलं, पाणी दिलं. मग म्हणाली,

"गणू, समदी म्हंत्यात, माझं पोरगं कवाच भ्यालं न्हाई. तू संगं हुतास. खरं सांग. भ्यालं का न्हाई कवा?"

मला तू दिसलास, सर्जा, कपाळ टेकून बसलेला. शब्द दिला होता. जिभेवर 'न्हाई' आलंसुद्धा होतं. पण मी तिच्याकडं बघितलं. तुझा बाप पलटणीत गेला तेव्हापासून ही बाई दाराकडं कान लावून जगली आहे. तिच्याशी मी खोटं बोलू शकलो नाही.

"भ्याला होता, मावशी. एकदा. विमानाचा दांडा अडकला होता," मी म्हणालो. "उतरल्यावर हात एवढे कापत होते, की पट्टा सोडता येईना. मी सोडला. 'लय भ्यालो' म्हणाला."

नारळाचं बोललो नाही. जो शब्द तू तिच्यासाठी घेतला होतास तो पाळला. जो स्वतःसाठी घेतला होतास तो मोडला.

मावशीनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं, मी काय करून बसलो! पण तिनं पदर काढला तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काही तरी सैल झालं होतं. तिनं माझा हात हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला, जणू कडी सोडवणारा तो हात तिला नीट बघायचा होता.

"लढाईवर हुता तवा मी लय भ्याची रं," ती म्हणाली. "रोज भ्याची. त्यो आला आन् हसायला लागला, 'भ्यायचं काय त्यात, आई' म्हणून. मला वाटायचं, येवढ्या शूर माणसांच्या घरात भित्री मी एकलीच."

मग तिनं मला ते पुन्हा सांगायला लावलं. कापणारे हात, घसरणारी बोटं, सगळं. मी सांगितलं. रागव, सर्जा, तुला हक्क आहे. पण तिनं उद्या विचारलं तर उद्याही सांगणार आहे.




तुझा
गणू